व्हायरस सापडलाच नाही, पण नाव गावोगाव पसरलं! शेगावच्या केसगळतीतून शिका, मोबाईलवरची आरोग्याची माहिती कशी पारखायची

बुलढाणा : डिसेंबर २०२४ संपता संपता आणि जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून एक विचित्र बातमी आली. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस नुसते ओढले तरी हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. बाया, माणसं, लेकरं, कुणीच सुटलं नाही. पुढे आजूबाजूची गावंही यादीत आली. त्या काळात प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार १८ गावांत मिळून २७९ जणांना हा त्रास झाला.

आरोग्य विभागाचं पथक गावात पोहोचलं, पण त्याच्या बरोबरीनंच, किंबहुना आधीच, मोबाईलवरून कारणं आणि उपाय पोहोचले. कुणी म्हणे पाण्यात विष आहे, कुणी म्हणे शॅम्पूचा परिणाम, कुणी म्हणे नवा रोग आलाय, शेगावकडे जाऊच नका. त्यातच काही बातम्यांनी याला ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन टाकलं. नाव आकर्षक होतं, लगेच चाललं. अडचण एवढीच होती की व्हायरस कुणाला सापडलेला नव्हता.

या एका नावाचा भुर्दंड गावांनी भरला. व्हायरस म्हटलं की लागण आली, लागण म्हटलं की दूर राहणं आलं. या गावच्या लोकांकडे बाहेर संशयानं पाहिलं जाऊ लागलं, सोयरिकी जुळवताना अडचणी येऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या. केस गेले ते काही आठवड्यांत परत येतात, पण गावाला लागलेला डाग लवकर जात नाही.

म्हणून हा लेख. केस काहून गळले याची माहिती तर यात आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे अशा वेळी मोबाईलवर येणाऱ्या दहा गोष्टींतली कोणती धरायची आणि कोणती सोडायची, हे आपल्याच जिल्ह्यातल्या या प्रकरणावरून समजून घेऊ.

चार कारणं सांगितली गेली, प्रत्येकामागे पुरावा किती होता?

*पहिलं कारण : व्हायरस.* पुरावा शून्य. कोणत्याही तपासणीत विषाणू सापडल्याचं पुढे आलं नाही. एकाच वेळी अनेकांना एकच त्रास झाला, एवढ्यावरून ‘साथ आहे, म्हणजे व्हायरस आहे’ असा अर्थ काढला गेला. पण एकाच गावातले लोक एकच पाणी पितात, एकाच दुकानातून धान्य आणतात, एकाच हवेत राहतात. अनेकांना एकदम त्रास झाला तर तो एकमेकांपासूनच लागला असं नसतं. सगळ्यांनी मिळून काय खाल्लं-प्यालं, हेही बघावं लागतं.

*दुसरं कारण : पाणी.* हा संशय अगदी हवेतला नव्हता. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. इथलं बोअरचं पाणी खारट, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तपासणीतही पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त आढळलं. पण इथं एक प्रश्न विचारायला हवा होता : हे पाणी तर आपण पिढ्यान् पिढ्या पितोय, मग केस याच डिसेंबरात कसे गळले? शिवाय पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा आपल्याकडे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ठेवली आहे, ती मुख्यतः तान्ह्या बाळांच्या रक्तावर होणाऱ्या परिणामामुळे. नायट्रेटमुळे तीन दिवसांत टक्कल पडतं असं वैद्यकशास्त्रात नोंदलेलं नाही. म्हणजे पाणी खराब होतं हे खरं, पण म्हणून केस पाण्यानं गेले हे सिद्ध होत नाही. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की एक दुसरीचं कारण होते, असं नाही.

*तिसरं कारण : बुरशी.* सुरुवातीला डॉक्टरांनी डोक्याच्या त्वचेवर बुरशीचा संसर्ग असावा, अशी शंका घेतली. ही शंकाही रास्तच, कारण खाज आणि केसगळती बुरशीनं होते. मात्र बुरशीनं साधारण चट्टे पडतात, लहान मुलांत ती जास्त दिसते आणि ती हळूहळू पसरते. इतक्या गावांत, सर्व वयाच्या लोकांचं इतक्या झपाट्यानं टक्कल पडणं त्यात नीट बसत नव्हतं. म्हणूनच पुढची तपासणी थांबली नाही. जानेवारीतच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं पथक गावांत आलं आणि रक्त, लघवी, केस, पाणी, अन्न यांचे नमुने घेतले.

*चौथं कारण : सेलेनियम.* महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर हे विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जातात, त्यांना पद्मश्री मिळालेली आहे. मूळचे ते आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांनी बाधित गावांतून नमुने घेऊन तपासून घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निष्कर्ष मांडला. बाधितांच्या शरीरात सेलेनियम नावाचं मूलद्रव्य फार वाढलेलं होतं : रक्तात नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. उलट जस्ताचं, म्हणजे झिंकचं प्रमाण खूप कमी झालेलं होतं. त्यांनी बोट दाखवलं रेशनवर बाहेरच्या राज्यातून आलेल्या गव्हाकडे. गव्हाच्या नमुन्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळलं, तर वरची मर्यादा १.९ मिलिग्रॅम धरली जाते.

आता हे चौथं कारण पहिल्या तिघांपेक्षा वजनदार का वाटतं? ते एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही. त्यामागे मोजमाप आहे म्हणून, आणि ते मोजमाप कुणालाही पुन्हा करून बघता येतं म्हणून. पुढचे पाच प्रश्न त्यासाठीच.

प्रश्न १ : मोजलं कुणी, आणि काय मोजलं?

‘पाण्यात विष आहे’ हे वाक्य आहे. ‘गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम’ ही नोंद आहे. वाक्य कुणीही बोलू शकतं, नोंदीला नमुना, प्रयोगशाळा आणि तारीख लागते. मोबाईलवर आरोग्याची कोणतीही माहिती आली की आधी हे शोधा : यात काही मोजलंय का? कुठं? किती जणांत? ‘डॉक्टर म्हणतात’, ‘संशोधनात सिद्ध’, ‘अमेरिकेत मान्यता’ एवढंच असेल आणि डॉक्टरचं, संस्थेचं नावच नसेल, तर ती चहाच्या टपरीवरची गप्पा समजा.

प्रश्न २ : आकड्यापुढे काय लिहिलंय?

मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यात हजार पटीचा फरक आहे. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. फिरत्या संदेशात नेमकं हेच गाळलं जातं, आणि साधी गोष्ट विष होते किंवा विष साधं होतं.

सेलेनियमचंच घ्या. ते मुळात विष नाही, शरीराला लागतं, पण अगदी चिमूटभरही नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरे. रोज ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असं अनेक ठिकाणी धरलं जातं. आता हिशोब करा. वरच्या नमुन्यातल्यासारख्या गव्हाचं १०० ग्रॅम पीठ, म्हणजे दोन-तीन पोळ्या, पोटात गेलं तर सेलेनियम झालं १४५२ मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या साडेतीन पट. ३०० ग्रॅम पीठ खाणाऱ्याच्या पोटात ४००० मायक्रोग्रॅमच्या वर.

हा हिशोब घरोघरी वेगळा येणार, हेही लक्षात घ्या. रेशनचा गहू महिनाभर पुरतो का, त्यात विकतचा किंवा घरचा गहू मिसळतात का, ज्वारीची भाकर किती खातात, यावर ते अवलंबून. म्हणूनच एका घरात त्रास आणि शेजारच्या घरात नाही, असं होऊ शकतं. तेवढ्यावरून ‘शेजारच्यांनीही तोच गहू खाल्ला, त्यांना काही झालं नाही’ म्हणत सगळंच खोटं ठरवण्याची घाई करू नये.

प्रश्न ३ : असं आधी कुठं घडलंय का?

खरं कारण असेल तर बहुधा ते जगात आणखी कुठंतरी दिसलेलं असतं. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असंच घडलं. दुष्काळात भाताचं पीक गेलं, लोक सेलेनियमयुक्त जमिनीतला मका आणि भाजीपाला खाऊ लागले, आणि गावांतल्या लोकांचे केस व नखं गळाली. नंतर शास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा त्या बाधित भागातल्या लोकांच्या पोटात रोज सरासरी ५ मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम जात असल्याचं दिसलं. आपण वर काढलेला हिशोब याच्या जवळपास जातो.

आपल्या देशातही पंजाबमधील होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचं कृषी शास्त्रज्ञांनी फार आधीपासून नोंदवून ठेवलंय. त्यामुळे गव्हातून सेलेनियम येऊ शकतं, ही गोष्ट अशक्य कोटीतली नाही. पण यातून ‘पंजाबचा सगळा गहू विषारी’ असा अर्थ कुणी काढला, तर तो संदेशही तितकाच खोटा. काही भागातल्या काही शेतांची गोष्ट आहे ती.

प्रश्न ४ : पुढे जे घडलं ते या कारणात बसतं का?

एप्रिल २०२५ मध्ये याच भागातून पुन्हा बातमी आली : काही जणांची नखं वाकडी होऊन गळू लागली. सेलेनियम वाढलं की केस आणि नखं दोन्हीवर परिणाम होतो, आणि नखं हळू वाढत असल्यानं तो उशिरा दिसतो. शॅम्पूनं किंवा डोक्यातल्या बुरशीनं बोटांची नखं कशी गळतील? जे कारण नंतरच्या घटनेलाही लागू पडतं, त्याचं वजन वाढतं. जे पडत नाही, ते मागं ठेवायचं.

प्रश्न ५ : सांगणारा काही विकतो का?

हा प्रश्न सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगी. व्हिडिओच्या शेवटी फोन नंबर, ‘ऑर्डर करण्यासाठी लिंक’, ‘आज मागवा, निम्म्या किमतीत’ असं आलं की तिथंच थांबा. तो माहिती देत नव्हता, गिऱ्हाईक शोधत होता.

इथंच खरा धोका आहे

चुकीचं कारण ऐकून फार तर गैरसमज होतो, असं वाटेल. तसं नाही. चुकीचं कारण चुकीच्या औषधाकडे नेतं.

केस गळाले की मोबाईलवर पहिली जाहिरात येते ती केसांच्या गोळ्यांची. ‘मल्टिव्हिटॅमिन’, ‘हेअर टॉनिक’, ‘नॅचरल सप्लिमेंट’. अशा बऱ्याच गोळ्यांच्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात सेलेनियम लिहिलेलं असतं, कारण थोडं सेलेनियम केसांसाठी चांगलं समजतात. आता विचार करा : ज्याच्या अंगात आधीच सेलेनियम जास्त झालंय म्हणून केस गेले, तोच माणूस केस यावेत म्हणून सेलेनियमची गोळी खातोय! आगीत तेल ओतण्यातलाच प्रकार.

ही भीती नुसती कल्पनेतली नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एका पातळ पूरक आहारात कारखान्याच्या चुकीनं सेलेनियम लेबलवर लिहिल्याच्या सुमारे २०० पट पडलं. १० राज्यांतल्या २०१ लोकांना त्रास झाला. केस गळाले, नखं खराब झाली, सांधे दुखले. तब्येत सुधारण्यासाठी घेतलेल्या बाटलीनंच हे केलं.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. मार्च २०२५ मध्ये पंजाबातील संगरूर इथं टक्कल घालवण्याचं शिबिर भरलं. डोक्याला तेल लावून घेतलेल्या साठाहून जास्त लोकांच्या डोळ्यांची आग होऊन त्यांना दवाखाना गाठावा लागला. केस राहिले बाजूला, डोळे सांभाळायची पाळी आली.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. औषधांच्या १९४५ च्या नियमांत ‘अनुसूची जे’ नावाची यादी आहे. या यादीतले आजार बरे करतो किंवा टाळतो, असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. त्या यादीत टक्कल आहे, आणि नवीन केस उगवणंही आहे. शिवाय चमत्कारी उपायांच्या जाहिराती रोखण्यासाठी १९५४ चा वेगळा कायदा आहे. म्हणजे ‘आमच्या औषधानं टक्कल शंभर टक्के बरं’ असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर औषध चालतं की नाही हा पुढचा प्रश्न. तो दावा करतानाच नियम मोडतोय.

‘आधी पाणी म्हणाले, मग बुरशी, आता गहू. म्हणजे यांनाच काही कळत नाही!’

हा सूर त्या वेळी गावागावांत होता, आणि राग समजण्यासारखा आहे. पण जरा थांबून बघा. पहिल्या दिवशी दिसतं त्यावरून अंदाज बांधायचा, नमुने घ्यायचे, तपासणी आली की अंदाज सुधारायचा, ही तपासाची रीतच आहे. पोलीस पाटील चोरीच्या पहिल्या तासाला चोराचं नाव सांगत नाही. सांगितलंच, तर आपल्यालाच शंका येते.

खोटी माहिती मात्र कधी बदलत नाही. ती पहिल्या दिवशीही शंभर टक्के खात्रीनं बोलते आणि वर्षानंतरही तेच बोलते. त्यामुळे ‘अजून तपासणी बाकी आहे’ म्हणणाऱ्या माणसाला लगेच नाकर्ता ठरवू नका आणि दुसऱ्याच दिवशी खात्रीनं कारण सांगणाऱ्याला हुशार समजू नका.

हो, यंत्रणेचीही एक जबाबदारी आहे. ‘नमुने घेतले’ एवढं सांगून गप्प बसलं की ती रिकामी जागा अफवा भरून काढते. कोणते नमुने, कुठं पाठवले, अहवाल कधी येणार, तोवर काय खायचं आणि काय टाळायचं, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर साध्या मराठीत लागलं असतं, तर ‘व्हायरस’ला गावात एवढी जागा मिळाली नसती. आपणही ग्रामसभेत हे मागितलं पाहिजे.

उद्या तुमच्या गावात असं काही झालं तर

– घाबरून धान्य उकिरड्यावर फेकू नका. संशय असलेला गहू वापरायचं थांबवा, पण त्यातला किलोभर कोरड्या पिशवीत, तारीख लिहून बाजूला ठेवा. रेशनची पावतीही जपा. नमुनाच राहिला नाही, तर तपासायचं काय?

– ‘गहू धुवून घ्या, विष निघून जातं’ असले संदेश पुढे पाठवू नका. डॉ. बावस्कर यांच्या तपासणीत धुतलेल्या गव्हातही १३.६१ मिलिग्रॅम सेलेनियम होतंच. ते दाण्याच्या आत असतं, वरच्या धुळीत नाही.

– आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. त्रास कधी सुरू झाला, घरात किती जणांना झाला, पाणी कुठलं, धान्य कुठलं, हे कागदावर लिहून न्या. तपास करणाऱ्याला याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

– दवाखाना लांब असेल तर १०४ या आरोग्य मदत क्रमांकावर विचारता येतं. सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर मोबाईलवरून डॉक्टरांशी फुकट बोलता येतं.

– व्हिडिओतला माणूस खरंच डॉक्टर आहे का, अशी शंका असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंद असते. पांढरा कोट आणि गळ्यातलं स्टेथोस्कोप बाजारात कुणालाही मिळतं. आता तर नामांकित डॉक्टरांचे चेहरे आणि आवाज वापरून बनावट व्हिडिओही तयार होतात.

– तारीख बघा. जुना व्हिडिओ नव्या नावानं फिरतो. जानेवारी २०२५ चा शेगावचा व्हिडिओ कुणी उद्या ‘आत्ताच आलेली बातमी’ म्हणून टाकला, तर पुन्हा त्याच गावांना त्रास.

– आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर डाफरू नका. ‘आबा, हे खोटं आहे’ म्हणून मोबाईल हिसकावला की ते पुढच्या वेळी दाखवतच नाहीत. ‘आबा, हे कुणी मोजलंय ते बघू’ म्हणत सोबत बसा. फरक पडतो.

नाव देण्याआधी

बाधित गावांत पुढे अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस येऊ लागल्याच्या बातम्या आल्या. सेलेनियमचं मूळ बंद झालं की बहुतेकांचे केस परत येतात, हे अमेरिकेतल्या २००८ च्या प्रकरणातही दिसलं होतं. लागण असलेला रोग म्हणून ज्यांना लोकांनी दूर बसवलं, त्यांच्या ताटातली पोळी तपासायची गरज होती.

पुढच्या वेळी गटात असा संदेश आला, की पुढे पाठवण्याआधी त्याच गटात एवढंच विचारा : ‘हे मोजलं कुणी, कधी, आणि सांगणारा काही विकतो का?’ उत्तर आलं तर वाचा. नाही आलं, तर तो संदेश तुमच्या मोबाईलवरच थांबू द्या.